भिलाईची फुले आणि एक मिलीमीटर

भिलाई म्हटले की डोळ्यांसमोर प्रथम उभे राहते ते पोलाद. झोतभट्ट्यांचे उंच मनोरे, रात्रीच्या आकाशावर पडणारी तांबूस आभा, तप्त लोखंडाचा वाहता रस, असे ते चित्र असते; आणि ते खोटे नाही. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत व सोव्हिएत संघ यांच्यामध्ये या कारखान्याचा करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. भारतीय रेल्वेचे रूळ येथे घडतात. जोडून तयार केलेले २६० मीटर लांबीचे रूळही येथूनच रवाना होतात. एवढ्या लांबीच्या रुळाची जाडी व उंची मात्र मिलीमीटरच्या अंशापर्यंत तपासून पाहावी लागते. या लेखात ज्याची हकिकत सांगावयाची आहे, ती वस्तूही अशीच मिलीमीटरने मोजावी लागते. परंतु तिचा पोलादाशी संबंध नाही. ती भिलाईच्या फुलांशी निगडित आहे.

नागपूरहून निघालेली हावड्याची गाडी गोंदिया मागे टाकते, डोंगरगडच्या टेकडीवरील बम्लेश्वरीच्या देवळाचे दुरून दर्शन घडवते आणि राजनांदगाव ओलांडून दुर्गला येते. हे अंतर सुमारे २६५ किलोमीटर आहे. दुर्गला लागूनच भिलाई. मराठी माणसाला हा मुलूख परका वाटत नाही. नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगडावर होता. पुढे १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा भाग आणि विदर्भ एकाच प्रांतात नांदत होते व त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगडचे स्वतंत्र राज्य झाले. आजही येथील बाजारातून फिरताना मधूनच मराठी शब्द कानी पडतो आणि प्रवाशाला बरे वाटते.

कारखान्याभोवती वसविलेली वसाहत सेक्टरांमध्ये विभागलेली आहे. रुंद रस्ते, दुतर्फा झाडे आणि घरापुढे थोडीशी मोकळी जागा अशी तिची रचना. ज्याला अंगण मिळते तो मनुष्य फार काळ ते उघडे ठेवीत नाही. त्यामुळे हिवाळ्यात या सेक्टरांतून हिंडताना कुंपणाकुंपणावर झेंडू, शेवंती, पिटुनिया आणि गुलाब दिसतात. या सर्वांचा मेळावा पाहावयाचा असेल तर मरोदा भागातील मैत्रीबागेत जावे. भारत-सोव्हिएत मैत्रीचे स्मारक म्हणून १९७२ साली भिलाई पोलाद कारखान्याने ही बाग उभारली. तिच्यात प्राणिसंग्रहालय आहे, तलाव आहे, मुलांची आगगाडी आहे. पांढऱ्या वाघांसाठी ती दूरवर प्रसिद्ध आहे. परंतु थंडीच्या दिवसांत तेथे पुष्पप्रदर्शन भरते, तेव्हा मोठी माणसे निदान घटकाभर वाघांना विसरतात.

अशा प्रदर्शनात हल्ली एक दृश्य हमखास दिसते. हातात कॅमेरा किंवा मोबाइल घेतलेली मंडळी फुलांवर ओणवी झालेली असतात. जितके जवळ जावे तितके चित्र चांगले येईल, या समजुतीने कोणी अगदी पाकळीला भिंग टेकेपर्यंत जातो. घरी जाऊन चित्रे मोठी करून पाहिली म्हणजे मात्र निराशा होते. एका पाकळीचे टोक तेवढे स्वच्छ, आणि बाकीचे फूल धुक्यात बुडालेले. कॅमेरा बिघडला, असे कोणी म्हणतो. हात हलला, असे कोणी म्हणतो. बहुतेक वेळा दोन्ही गोष्टी खऱ्या नसतात. हा भिंगाचा स्वभाव आहे, आणि तो समजून घेतला तर निराशेचे कारण उरत नाही.

स्पष्टतेची खोली

एक लहानसा प्रयोग वाचकांनी बसल्या जागी करून पाहावा. एक डोळा मिटावा, वीतभर अंतरावर बोट धरावे आणि त्याच्याकडे टक लावून पाहावे. पलीकडचे झाड अंधूक होईल. आता झाडाकडे पाहावे. बोट अंधूक होईल. तेच बोट हात लांब करून दूर धरले तर हा फरक पुष्कळ कमी होतो. भिंगाचे असेच असते. ते एका वेळी एकाच अंतरावरील पातळी पूर्ण स्पष्ट दाखविते. त्या पातळीच्या थोडे पुढे व थोडे मागे जे काही असेल ते आपल्या डोळ्यांना स्पष्टच भासते. पुढच्या-मागच्या या पट्ट्याच्या जाडीला छायाचित्रकार ‘डेप्थ ऑफ फील्ड’ म्हणतात. आपण तिला स्पष्टतेची खोली म्हणू.

दूरचा डोंगर टिपताना ही खोली मैलोगणती असते, म्हणून तिची आठवणही होत नाही. फुलाजवळ जाताच ती झपाट्याने आटते. समजा, कॅमेऱ्यातील सेन्सर ३६ मिलीमीटर लांब व २४ मिलीमीटर रुंद आहे. एखाद्या रानफुलाची प्रतिमा या सेन्सरवर फुलाच्या मूळ आकाराएवढीच पडावी इतके आपण जवळ गेलो. भिंगाचे छिद्र एफ ८ वर ठेवले, तर स्पष्टतेची खोली सुमारे १ मिलीमीटर भरते. छिद्र लहान करून एफ १६ केले तर ती सुमारे २ मिलीमीटर होते. प्रतिमा मूळ फुलाच्या निम्म्या आकाराची घेतली, तर एफ ८ वर जवळजवळ ३ मिलीमीटर मिळतात. चतुर्थांश आकाराची घेतली, तर साडेनऊ. प्रतिमा किती मोठी हवी यावरच सारा हिशेब ठरतो, आणि मोठेपणाची किंमत खोलीच्या रूपाने चुकवावी लागते.

आता मैत्रीबागेतील एखादा टपोरा डेलिया घ्या. त्याचा व्यास १० सेंटीमीटर आहे असे मानू. तो सेन्सरच्या रुंदीत बसवायचा म्हणजे प्रतिमा सुमारे चतुर्थांश आकाराची होईल. एफ १६ वर खोली मिळेल दोन सेंटीमीटरच्या आतबाहेर. परंतु मधल्या गाभ्यापासून मागे वळलेल्या शेवटच्या पाकळीपर्यंत डेलियाची स्वतःची जाडी सहज चार-पाच सेंटीमीटर असते. म्हणजे साऱ्या फुलाला स्पष्टता पुरणारच नाही. पाहुणे अधिक आणि पुरण थोडे, अशी ही अवस्था आहे. अशा वेळी शहाणी गृहिणी कोणाच्या पानात काय वाढावयाचे ते आधी ठरविते. छायाचित्रकारालाही तेच करावे लागते.

उपाय आणि त्यांची किंमत

पहिला उपाय सर्वांना सुचतो: छिद्र आणखी लहान करावे. परंतु त्याला दोन बाजूंनी मर्यादा आहेत. छिद्र लहान केले की प्रकाश कमी होतो. शिवाय जवळून चित्र घेताना भिंग सेन्सरपासून दूर सरकलेले असते, त्यामुळेही प्रकाश घटतो. मूळ आकाराएवढी प्रतिमा घेताना तो चौथ्या हिश्शावर येतो. मग शटर अधिक काळ उघडे ठेवावे लागते, आणि तेवढ्यात वाऱ्याची एक झुळूक सर्व काम धुळीस मिळविते. दुसरी मर्यादा प्रकाशाच्या स्वतःच्या गुणधर्माची आहे. अतिशय बारीक छिद्रातून जाताना प्रकाश कडांशी पसरतो. खूप जवळच्या चित्रात एफ २२ किंवा एफ ३२ वापरले तर खोली वाढते खरी, पण सारेच चित्र थोडे थोडे मऊ पडते. सर्वांना थोडे मिळाले, पण पुरेसे कोणालाच नाही, असा तो प्रकार होतो. म्हणून एफ ११ ते एफ १६ यांच्या दरम्यान थांबणे बहुधा हिताचे ठरते.

दुसरा उपाय ऐकून नवल वाटेल: थोडे मागे सरावे. निम्म्या अंतराने मोठी केलेली प्रतिमा घेण्याऐवजी थोडी लहान प्रतिमा घ्यावी आणि नंतर चित्राच्या कडा कापून हवा तेवढा भाग ठेवावा. छिद्र तेच ठेवले असता अशा चित्रात खोली अधिक मिळते. आजच्या कॅमेऱ्यांच्या चित्रांत बारकावे इतके असतात की चारातील तीन भाग कापून टाकले तरी मासिकाच्या पानापुरते चित्र शिल्लक राहते. मोबाइलचा सेन्सर अतिशय लहान असल्यामुळे त्यावरील प्रतिमाही मुळात लहान असते. म्हणूनच मोबाइलच्या चित्रात पुष्कळदा सबंध फूल स्पष्ट येते. घरात मोठा कॅमेरा नाही म्हणून कोणी खंत करू नये.

तिसरा उपाय फुकटचा आहे, आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा. स्पष्टतेचा पट्टा कॅमेऱ्याच्या पाठीला समांतर असतो. तेव्हा फुलाचा जो भाग दाखवावयाचा, तो त्या पाठीला समांतर येईल अशा रीतीने उभे राहावे. सदाफुली किंवा जरबेरा चपटे. ते समोरून घ्यावे, म्हणजे सर्व पाकळ्या एकाच पातळीत येतात. जास्वंद समोरून घेतली तर तिच्या लांब दांड्याच्या टोकावरील पाच गोंडे तेवढे उमटतात आणि मागच्या पाकळ्या विरघळतात. तीच बाजूने घ्या; देठापासून गोंड्यापर्यंत सारा दांडा, त्यावरील परागांसह, एका रेषेत स्वच्छ येतो. यासाठी पैसे लागत नाहीत. फूल कसे बांधलेले आहे ते मात्र नीट पाहावे लागते. चित्र घेण्यापूर्वी फुलाभोवती एकदा प्रदक्षिणा घालण्याची सवय याचसाठी चांगली.

पातळीच्या या नियमाचा अधिक खोल विचार ऑस्ट्रियाचे सेनाधिकारी थिओडोर शाइम्पफ्लुग यांनी केला. त्यांना आकाशातून घेतलेल्या छायाचित्रांवरून अचूक नकाशे तयार करावयाचे होते. भिंगाची, चित्राची आणि वस्तूची अशा तिन्ही पातळ्या वाढविल्या असता एकाच रेषेत मिळत असतील, तर तिरपी वस्तूही पूर्ण स्पष्ट उमटते, हे तत्त्व त्यांच्या १९०४ च्या पेटंटामुळे प्रसिद्ध झाले. तिरपे करता येणारे भिंग आज विकत मिळते. त्याने फ्लॉक्सचा सबंध वाफा जवळच्या फुलापासून दूरच्या फुलापर्यंत स्पष्ट घेता येतो. मात्र वाफ्यातून उंच वर आलेले एखादे फूल त्या तिरप्या पातळीच्या बाहेर पडते.

चौथा उपाय संगणकाच्या युगाचा आहे. फोकस थोडा थोडा पुढे नेत अनेक चित्रे घ्यावयाची आणि प्रत्येकातील स्पष्ट भाग निवडून त्यांचे एकच चित्र बनवावयाचे. निम्म्या आकाराच्या प्रतिमेत, एफ ८ वर, ३ सेंटीमीटर खोल फुलासाठी दोन-दोन मिलीमीटरने पुढे जात पंधरा-सोळा चित्रे लागतात. तेवढा वेळ फूल तसूभरही हलता कामा नये. बंद खोलीत हे सोपे आहे. उघड्या बागेत सूर्योदयानंतरचा निर्वात तास साधावा लागतो.

माळ्याचा प्रश्न

मैत्रीबागेत एका सकाळी मी तिपाई लावून डेलियाचे चित्र घेत होतो. छिद्र एफ ५.६, फोकस मधल्या न उमललेल्या पाकळ्यांवर. बाहेरच्या पाकळ्या हळूहळू रंगाच्या ढगात विरत गेलेल्या. एक वयस्क माळी पाठीमागे येऊन उभे राहिले. मी त्यांना कॅमेऱ्याच्या पडद्यावर चित्र दाखविले. त्यांनी ते बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, “बाबूजी, मी सबंध फूल वाढवले. तुम्ही एवढेसेच का घेतले?”

प्रश्न साधा होता, पण उत्तर सोपे नव्हते. त्या एका फुलामागे कित्येक महिन्यांची मेहनत होती. मागच्या पाकळ्यांवर एकही डाग पडू नये म्हणून त्यांनी जे केले असेल, ते सर्व माझ्या चित्रात पुसले गेले होते. मी विचारले, “दादा, एवढे मोठे फूल येते कसे?” ते म्हणाले, बाजूच्या सर्व कळ्या लहान असतानाच खुडतो, एकच कळी ठेवतो, म्हणजे झाडाचा सारा जीव तिच्यात जातो. मग मी म्हणालो, “मीही तेच केले. माझ्याजवळ स्पष्टता थोडी आहे. ती मी एका ठिकाणी दिली.” ते हसले, पण मुद्दा सोडला नाही. “मी कोणती कळी ठेवायची ते झाड पाहून ठरवतो. तुम्ही काय पाहून ठरवलेत?”

फुलांचे छायाचित्रण शिकविणाऱ्या पुस्तकांत छिद्रांचे तक्ते असतात. हा प्रश्न सहसा नसतो. आणि खरी गोष्ट तर त्याच्यातच आहे. स्पष्टता कोठे द्यावयाची हे भिंग सांगत नाही. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला केसर आणि बीजकोश दिसले पाहिजेत, नाही तर फुलाची ओळख पटणार नाही. माळ्याला सबंध घेर हवा, कारण त्याचे कसब घेरात आहे. मला त्या सकाळी उमलण्याची क्रिया दाखवावयाची होती, म्हणून मी गाभा घेतला. तिन्ही चित्रे खरी; परंतु कोणते आणि कोणासाठी, हे आधी ठरविले नाही तर चौथेच चित्र येते, ज्यात पाकळीचे टोक स्पष्ट असते आणि त्याला काही कारण नसते.

त्यांच्यासाठी मी दुसरे चित्र घेतले. चार पावले मागे सरून, एफ १६ ठेवून, फूल चौकटीत लहान घेतले आणि फोकस पुढच्या टोकावर न ठेवता फुलाच्या जाडीच्या साधारण मध्यावर ठेवला. कारण इतक्या जवळच्या चित्रात स्पष्टतेचा पट्टा पुढे व मागे जवळजवळ सारखाच पसरतो. सारा घेर आला. माळ्यांना ते चित्र आवडले. मला माझे पहिले अधिक आवडते, आणि यात भांडणाचे काही कारण नाही.

या वादाच्या दोन्ही बाजूंना मोठमोठ्या कलावंतांनी मान दिला आहे. बर्लिनच्या कार्ल ब्लॉसफेल्ट या कलाशिक्षकांनी वनस्पतींचे कोंब, कळ्या व पाने कितीतरी पट मोठी करून टिपली. १९२८ साली निघालेल्या त्यांच्या ग्रंथात साध्या कोऱ्या पार्श्वभूमीवर प्रत्येक शीर कोरीव कामासारखी दिसते. अमेरिकेत १९३२ साली अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स, एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम प्रभृतींनी आपल्या मंडळाला ‘एफ ६४’ असे नावच दिले. सर्वांत लहान छिद्र आणि सर्वत्र स्पष्टता, हा त्यांचा आग्रह. त्यांचे कॅमेरे मोठ्या काचांचे वा फिल्मचे असल्यामुळे इतके बारीक छिद्र त्यांना परवडत असे. आपल्या लहान कॅमेऱ्यांना ते परवडत नाही. ब्लॉसफेल्टांनी वनस्पती कापून आणल्या व मनाजोग्या मांडल्या. बागेत आणि रानात ती मुभा आपण घेऊ नये. तोडलेले फूल वाऱ्याने हलत नाही हे खरे, पण पुढच्या पाहणाऱ्याला ते दिसतही नाही.

पळसाच्या दिवसांत

मैत्रीबागेतील बहर ओसरू लागतो तेव्हा गावाबाहेर दुसरा सुरू होतो. शिवनाथ नदीच्या बाजूने शेताशेतांच्या बांधांवर पळस पेटतो. येथील लोक त्याला परसा म्हणतात. कोठेही जा, पळसाला पाने तीनच, ही आपली म्हण येथेही खरी. पण फुलांच्या दिवसांत झाडावर ती तीनही उरलेली नसतात, नुसता केशरी जाळ असतो.

पळसाचे फूल छायाचित्रकाराची परीक्षा पाहते. वर एक रुंद पाकळी, दोन बाजूंना दोन पंख, आणि पोपटाच्या चोचीसारखी वाकलेली खालची जोडपाकळी, जिच्यात केसर लपलेले असतात. समोरून घेतले तर चोच अंगावर येते आणि मागचे सारे धूसर होते. पण या फुलाचे डावे व उजवे अंग सारखे असते. त्यामुळे ठीक बाजूने पाहिले असता देठाजवळचा काळपट मखमली पेला, चोचीची सारी वळणरेषा आणि वरच्या पाकळीचा काठ हे एकाच पातळीत येतात. अर्ध्या आकाराच्या प्रतिमेत एफ ११ वर मिळणारे जेमतेम चार मिलीमीटर त्या रेषेला पुरतात. मागच्या फांदीवरील फुले केशरी धूर बनून राहतात, आणि तेच बरे दिसते. झाड पेटलेले आहे याची आठवण त्यांच्यामुळे टिकते. येथे अस्पष्टता हा दोष राहत नाही, ती चित्राच्या कामी येते.

जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. बागेतील फुलांसाठी जानेवारी-फेब्रुवारी, पळसासाठी फाल्गुन. पहाटे लवकर निघावे. ऊन चढले की वारा सुटतो. तिपाई नसेल तर गुडघ्यावर कोपर टेकावा. फोकसचे कडे फिरवीत बसण्याऐवजी आकार एकदा ठरवावा आणि स्वतःच केसभर पुढे-मागे झुलून स्पष्टता साधावी. डुलणाऱ्या देठाशेजारी जमिनीत एक काडी रोवून सैल दोऱ्याने आधार द्यावा; निघताना दोरा सोडावा. ऊन कडक असेल तर पांढरा पंचा वर धरावा, सावली मऊ होते. मुले बरोबर असतील तर त्यांच्या हाती मोबाइल देऊन एवढेच विचारावे, “या फुलात तुला काय दाखवायचे आहे?” उत्तर येईपर्यंत बटण दाबू देऊ नये. थोडा वेळ लागेल. तेवढ्या वेळात मूल फुलाकडे पाहील.